वांकड्या क्रुसाचा मुकुट

बुडापेस्ट शहरीं डॅन्यूब नदीच्या कांठीं हंगेरीच्या पार्लमेंटाची भव्य इमारत आहे. तिच्या मधल्या घुमटाखालीं कांचेच्या पेटींत एक मुकुट ठेवलेला आहे आणि नागव्या तलवारी घेतलेले सैनिक त्याच्याजवळ पहारा करीत उभे असतात. हंगेरी हें आज प्रजासत्ताक राज्य आहे. त्या देशांत शेवटचा राज्याभिषेक झाला त्याला शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. तरी पहारा चालूच आहे. मुकुटाकडे पाहणाराच्या नजरेंत प्रथम एक गोष्ट भरते. त्याच्या माथ्यावरचा सोन्याचा लहानसा क्रूस सरळ उभा नाहीं, एका बाजूस कललेला आहे. सतराव्या शतकांत केव्हां तरी, लोखंडी पेटीचें झाकण घाईनें लावलें जाऊन तो वांकला असावा, असा समज आहे. तो सरळ करणें कोणाहि सोनाराला अवघड गेलें नसतें. परंतु तो कोणीं सरळ केला नाहीं. उलट, देशाच्या राजचिन्हावर हा मुकुट काढतात तेव्हां त्यावरचा क्रूसहि मुद्दाम वांकडाच काढतात.

या एका मुकुटाची हकीकत आज मी सांगणार आहें. याहून मौल्यवान मुकुट जगांत पुष्कळ आहेत. याचें वजन जेमतेम दोन किलो आणि रत्नेंहि कांहीं असामान्य नव्हेत. परंतु इतर देशांत मुकुट राजाचा असतो. हंगेरींत राजा मुकुटाचा असे. ही कल्पना आपल्याकडील श्रोत्यांना प्रथम थोडी चमत्कारिक वाटेल. आपल्या परंपरेंत राजा होतो तो अभिषेकाच्या जलानें, आणि त्याच्या सत्तेची खूण म्हणजे मस्तकावर धरलेलें छत्र. शिवाजी महाराजांनीं १६७४ सालीं जी पदवी धारण केली ती छत्रावरून आली, मुकुटावरून नव्हे. मुकुट हा आपल्याकडे अलंकार. हंगेरींत तो जणूं एक व्यक्ति आहे. त्याच्या नांवानें न्याय दिला जाई, त्याच्या मालकीची जमीन असे, त्याचा द्रोह हा राजद्रोह गणला जाई. राजे येत आणि मरत. मुकुट मात्र राही.

मग्यार लोक नवव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील गवताळ मैदानांतून घोड्यांवर बसून डॅन्यूबच्या खोऱ्यांत उतरले. शेंसव्वाशें वर्षांनीं त्यांचा नायक इश्तवान, म्हणजे इंग्रजी इतिहासग्रंथांतील स्टीफन, यानें ख्रिस्ती धर्माच्या आधारावर राज्य उभारलें. इ. स. १००० च्या नाताळांत किंवा १००१ च्या पहिल्या दिवशीं त्याला राज्याभिषेक झाला. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं हार्तविक नांवाच्या बिशपनें त्याचें चरित्र लिहिलें. त्यांत अशी कथा आहे कीं, पोपनें एक सुंदर मुकुट पोलंडच्या राजाकरितां करवून ठेवला होता. परंतु रात्रीं देवदूतानें स्वप्नांत येऊन सांगितलें, उद्यां एका अपरिचित लोकांचे वकील येतील, हा मुकुट त्यांना दे. दुसऱ्या दिवशीं हंगेरीचे वकील येऊन उभे राहिले आणि मुकुट त्यांच्या हातीं पडला. शेजाऱ्याच्या तोंडचा घास देवदूताकरवीं आपल्या ताटांत पाडून घेणारी ही कथा हंगेरियन लोकांनीं शतकानुशतकें भक्तिभावानें सांगितली आणि त्या मुकुटाला ‘पवित्र मुकुट’ हें नांव दिलें.

आतां इतिहासकाराचें दुर्दैव असें कीं, आज पेटींत असलेला मुकुट इश्तवानच्या मस्तकावर कधींच नव्हता. त्याचा खालचा पट्टा बायझंटाइन कारागिरीचा आहे. त्यावर मिनाकारीनें काढलेलीं चित्रें आहेत. पुढच्या बाजूस येशू ख्रिस्त, त्याच्या दोहों अंगांस देवदूत आणि संत, आणि मागच्या बाजूस तीन ऐहिक पुरुष. त्यांतील एक सम्राट सातवा मायकेल, दुसरा त्याच्या घराण्यांतील कॉन्स्टंटाइन, आणि तिसरा हंगेरीचा राजा पहिला गेझा. गेझाचें राज्य १०७४ ते १०७७, म्हणजे इश्तवानच्या मृत्यूनंतर पस्तीसचाळीस वर्षांनीं. मुकुटाच्या वरच्या कमानी आणखी निराळ्या. त्यांवर प्रेषितांचीं चित्रें असून अक्षरें ग्रीक नव्हेत, लॅटिन आहेत. दोन भाग केव्हां जोडले यावर विद्वानांचे वाद आहेत. जोडणी मात्र कांहीं नाजूक हातांनीं केलेली नाहीं. क्रूस बसविण्याकरितां माथ्यावरच्या ख्रिस्ताच्या चित्रालाच मधोमध भोंक पाडलेलें आहे!

परंतु मला या मुकुटाच्या शास्त्रोक्त वयापेक्षां त्यावरील गेझाचा चेहरा अधिक विचार करण्याजोगा वाटतो, आणि त्यासाठीं थोडें मागें जाऊन इश्तवानच्या घरांत डोकावलें पाहिजे.

इश्तवानला इम्रे नांवाचा एकच मुलगा मोठा झाला. त्याच्यासाठीं राजाच्या नांवानें लॅटिन भाषेंत एक लहानसा उपदेशग्रंथ लिहिला गेला. तो आजहि उपलब्ध आहे. आपल्याकडील राजनीतीच्या ग्रंथांची आठवण करून देणारें असें तें पुस्तक. त्याचे भाग दहा, आणि त्यांत सांगितलेले गुण व कर्तव्यें हींच राजमुकुटाचीं भूषणें होत, असें त्यांत प्रतिपादन आहे. श्रद्धा, धर्मसंस्थेचा मान, सरदारांशीं बंधुभाव, न्याय व क्षमा, सभेचा सल्ला, प्रार्थना, दया इत्यादींचा त्यांत उपदेश आहे. परदेशांतून येऊन राहिलेल्या पाहुण्यांचें पालन करावें असेंहि त्यांत सांगितलें आहे, कारण एकच भाषा आणि एकच रीत असलेलें राज्य दुबळें असतें असें ग्रंथकाराचें मत. मुकुट सोन्याचा नसून सद्गुणांचा असतो, हा या पुस्तकाचा गाभा. अकराव्या शतकांतील एका नव्या ख्रिस्ती राज्यांत हा विचार लिहिला गेला याचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं.

पण इम्रे १०३१ मध्यें शिकारींत रानडुकराच्या हल्ल्यानें मेला. म्हाताऱ्या राजाला आतां जवळचा पुरुष वारस म्हणजे चुलतभाऊ वाझुल. वाझुलची ख्रिस्ती धर्मावरील निष्ठा संशयित होती. राज्य आपल्या बहिणीच्या मुलाकडे जावें अशी इश्तवानची इच्छा. तेव्हां वाझुलचे डोळे काढण्यांत आले आणि कानांत वितळलेलें शिसें ओतण्यांत आलें. पुढील बखरकारांनीं याचा दोष राणी गिझेलावर व तिच्या माणसांवर ढकलला. बहुतेक आधुनिक इतिहासकार तो स्वतः राजावरच ठेवतात. वाझुलचीं तिन्ही मुलें देशोधडीस लागलीं. आंधळा आणि बहिरा मनुष्य राजा होऊं शकत नाहीं, असा हा हिशेब होता. सद्गुणांच्या मुकुटाचीं दहा भूषणें ज्याच्या नांवानें सांगितलीं गेलीं, त्याच्याच दरबारांत हें घडलें. इश्तवान १०३८ सालीं १५ ऑगस्टला वारला. मरतांना त्यानें आपला मुकुट आणि राज्य कुमारी मेरीच्या चरणीं अर्पण केलें, असें चरित्रकार सांगतात.

हिशेब मात्र चुकला. परागंदा झालेलीं तीं मुलें परत आलीं आणि राज्य वाझुलच्याच वंशाकडे गेलें. ज्याचा चेहरा ‘संत इश्तवानच्या मुकुटा’वर कोरलेला आहे तो गेझा या आंधळ्या वाझुलचा नातू. आणि १०८३ सालीं इश्तवानला संतपद देवविण्यांत ज्यानें पुढाकार घेतला तो राजा लास्लो, तो गेझाचा सख्खा भाऊ, म्हणजे तोहि वाझुलचाच नातू! आजोबाचे डोळे ज्याच्या राज्यांत काढले गेले त्याला नातवानें देवपणास चढविलें. कोणी याला क्षमा म्हणेल, कोणी राजकारण म्हणेल. इश्तवान संत ठरल्याखेरीज त्याच्या गादीला पावित्र्य येत नाहीं, आणि गादीला पावित्र्य नसेल तर तिच्यावर बसणाऱ्या नातवालाहि तें लाभत नाहीं, हें लास्लोला ठाऊक असलेंच पाहिजे. माझा स्वतःचा कल असा आहे कीं, येथें श्रद्धा आणि राजकारण यांची फोड करूं जाणें व्यर्थ आहे. दोन भिन्न भाग जोडून हा मुकुट जसा घडला, तशीच त्याच्याभोंवतींची भक्तिहि घडली.

पुढें पुढें असा नियम पक्का झाला कीं, राजाभिषेक तीन गोष्टींनीं सिद्ध होतो. तो सेकेशफेहेरवार या गांवीं झाला पाहिजे, एस्तेर्गोमच्या आर्चबिशपनें केला पाहिजे, आणि हाच मुकुट मस्तकावर ठेवला पाहिजे. यांतील एकहि गोष्ट उणी पडली तर राजा अर्धाच. १३०१ सालीं अर्पाडचें राजघराणें संपलें, तेव्हां चार्ल्स रॉबर्ट नांवाच्या राजपुत्राला याचा पुरेपूर अनुभव आला. त्याचा तीनदां राज्याभिषेक करावा लागला! पहिल्यानें तात्पुरता मुकुट, दुसऱ्यानें नवा घडवून घेतलेला मुकुट, आणि लोक कांहीं केल्या मानीत ना. खरा मुकुट तेवढ्यांत त्याच्या प्रतिस्पर्ध्यापाशीं, बव्हेरियाच्या ओटोपाशीं गेला होता. ओटोनें तो एका लांकडी बुधल्यांत लपवून हंगेरींत आणला. वाटेंत बुधला घोड्यावरून निसटून रस्त्यावर पडला, आणि सबंध दिवस राज्याचें सर्वस्व धुळींत लोळत पडलें होतें असें बखरींत सांगितलें आहे. शोधीत परत गेलेल्या त्याच माणसांना तो सांपडला. पुढें ओटोला ट्रान्सिल्व्हेनियाच्या सुभेदारानें कैद केलें आणि मुकुट स्वतःपाशीं ठेवून घेतला. पोपच्या प्रतिनिधीनें बहिष्काराचें शस्त्र उगारल्यावर त्यानें तो परत केला, आणि १३१० मध्यें चार्ल्स रॉबर्ट अखेर पुरता राजा झाला.

या मुकुटाची सर्वांत रोमांचकारी रात्र मात्र एका दाईच्या लेखणीनें आपल्यापर्यंत पोंचली आहे. १४३९ सालीं राजा आल्बर्ट मरण पावला. राणी एलिझाबेथ गरोदर होती. तुर्कांचें संकट तोंडावर आलेलें, आणि पोटांतल्या मुलाची वाट पाहण्यास सरदार तयार नव्हते; त्यांनीं पोलंडचा तरुण राजा व्लादिस्लाव याला बोलावलें. मुकुट विशेग्रादच्या किल्ल्यांत कुलपांत आणि मोहरांत बंद होता. राणीनें आपल्या लहान मुलीची दाई हेलेने कोटानर हिला कामगिरीवर पाठविलें. बाहेर सांगितलें कीं, मागें राहिलेल्या दासींना आणण्यास ती जात आहे. १४४० सालच्या फेब्रुवारीच्या २० तारखेची ती रात्र. आंत एक विश्वासू मनुष्य आपल्या सोबत्यासह कुलपें कानशीनें कापीत होता. बाहेर ही बाई गुडघे टेकून प्रार्थना करीत, कान देऊन बसली होती. चोरी फुटली तर आपला प्राण जाईल हें ती जाणून होती. कुलपें तुटलीं, मुकुट बाहेर आला, नवीं कुलपें लावून राणीच्या मोहरा त्यांवर उठविल्या, कानशी शौचकूपांत टाकल्या. किल्ल्यांतील देवघरांत एक तांबडी मखमली उशी होती; तिच्यांतील पिसें थोडीं काढून मुकुट आंत घातला आणि उशी पुन्हां शिवून टाकली. दुसऱ्या दिवशीं ती उशी गाडीवर टाकून मंडळी निघाली. डॅन्यूब गोठली होती, पण बर्फ जागोजाग पातळ झाला होता. त्यावरून जीव मुठींत धरून ते पार झाले. कोमारोमला पोंचतात तोंच, त्याच रात्रीं, राणी प्रसूत झाली आणि मुलगा झाला.

हें सर्व त्या बाईनें पुढें स्वतः जर्मन भाषेंत लिहून ठेवलें. स्त्रीनें लिहिलेल्या आत्मवृत्तांत हें युरोपांतील फार जुन्यांपैकीं एक होय. तान्हा लास्लो बारा आठवड्यांचा असतांना, १५ मेला, त्याला सेकेशफेहेरवार येथें राज्याभिषेक झाला. मूल कोटानर बाईच्या हातावर होतें. मस्तकावर मुकुट टेकतांच तें मोठ्यानें रडूं लागलें. समारंभानंतरच्या मिरवणुकींत एका सरदारानें मुकुट त्याच्या डोक्यावर अधांतरीं धरला होता, कारण दोन किलोंचें सोनें तान्ह्या मुलानें पेलावें कसें?

तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. गांव तेंच, आर्चबिशप तोच, मुकुट तोच. तरीसुद्धां दोन महिन्यांनीं सरदारांनीं सभा भरवून जाहीर केलें कीं, अभिषेकाचें बळ देशांतील लोकांच्या संमतींत असतें, तान्ह्या मुलाच्या डोक्याला टेकलेल्या वस्तूंत नव्हे. मुकुट हातीं नाहीं, म्हणून संत इश्तवानच्या शिराच्या अवशेषपात्रावरचा मुकुट काढून त्यांनीं तो व्लादिस्लावच्या डोक्यावर ठेवला, आणि जुन्या मुकुटाची सारी शक्ति या नव्यांत आली असा ठराव केला. मध्ययुगीन युरोपांत इतकें उघड बोललेलें मला फारसें आढळत नाहीं. परंतु गंमत पहा. हें बोलतांनासुद्धां त्यांना मुकुट लागलाच. नुसत्या संमतीवर राजा बसविण्याचें धैर्य झालें नाहीं. चार वर्षांनीं, १० नोव्हेंबर १४४४ रोजीं, व्लादिस्लाव वार्ना येथें तुर्कांशीं लढतांना पडला. लोकांनीं अर्थातच ठरविलें कीं, खरा मुकुट नसल्याचें हें फळ! अखेर तो रडणारा लास्लोच राजा झाला, आणि ठरावानें बदललेली शक्ति गुपचुप जुन्या मुकुटांत परत आली. मुकुट तेव्हां सम्राट फ्रेडरिकपाशीं गहाण पडल्यासारखा होता. पुढें मातियास राजानें १४६३ च्या तहानें ऐंशी हजार सुवर्णमुद्रा मोजून तो सोडवून आणला.

आतां १५१४ सालाकडे वळूं. मुकुटाची कल्पना जेथें अत्युच्च शिखरावर चढली आणि जेथें अत्यंत हीन झाली, तें हें एकच वर्ष आहे. इश्तवान व्हेरबोत्सी या कायदेपंडितानें त्या वर्षीं देशाच्या रूढ कायद्याचा तीन भागांचा ग्रंथ सिद्ध केला. १५१७ मध्यें तो व्हिएन्नांत छापला गेला आणि पुढें तीनशें वर्षांवर हंगेरियन वकिलांच्या मांडीवर राहिला. त्यांत असें प्रतिपादन आहे कीं, प्रत्येक सरदार हा, लहान असो वा मोठा, पवित्र मुकुटाचें अंग आहे. राजा सरदार निर्माण करतो आणि सरदार राजा निवडतात. दोघांना बांधणारा मुकुट. सत्ता कोणा एकाच्या मालकीची नाहीं, हें तत्त्व इतक्या सुंदर रूपकांत क्वचितच कोणीं मांडलें असेल.

परंतु अंगें कोणाचीं? सरदारांचीं. त्याच वर्षीं वसंतांत तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारण्यांत आलें आणि छातीवर क्रूस लावून हजारों शेतकरी जमा झाले. त्यांचा सेनापति दोझा नांवाचा ट्रान्सिल्व्हेनियांतला एक योद्धा. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत कुळें निघून जातात म्हणून जमीनदार चिडले. त्यांनीं शेतकऱ्यांना अडविलें, त्यांच्या घरच्यांना छळलें. तेव्हां ती फौज तुर्कांवर न जातां धन्यांवर उलटली. वाडे जळाले, रक्त सांडलें. शेतकऱ्यांचे हातहि स्वच्छ राहिले नाहींत. जुलै महिन्यांत तेमेशवारजवळ झापोल्या या सरदारानें त्यांचा मोड केला आणि दोझा सांपडला. शेतकऱ्यांनीं याला आपला राजा केलें, तर मग याला राजासारखेंच वागवूं या, असें ठरलें. त्याला तापवून लाल केलेल्या लोखंडी सिंहासनावर बसविलें आणि त्याच्या मस्तकावर लाल तापलेला लोखंडी मुकुट ठेवला. त्याच्या उपाशी ठेवलेल्या सोबत्यांना त्याच्या अंगाचे लचके तोडण्यास भाग पाडलें. नंतर त्या वर्षाच्या अखेरीस भरलेल्या सभेनें शेतकऱ्याला कायमचा जमिनीला बांधून टाकला. धनी सोडून जाण्याचा त्याचा हक्क गेला. आणि त्याच सभेपुढें व्हेरबोत्सीचा ग्रंथ ठेवण्यांत आला.

हंगेरियन लेखकांनीं पवित्र मुकुटाच्या तत्त्वाचें पुष्कळ गुणगान केलें आहे, आणि राजाला मर्यादा घालणारें तत्त्व म्हणून तें योग्यच आहे. परंतु तें वाचतांना मला दोझाचा मुकुट विसरतां येत नाहीं. सोन्याच्या मुकुटांत कोण आहे आणि कोण नाहीं, हें लोखंडाच्या मुकुटानें सांगितलें.

बारा वर्षांनीं, १५२६ च्या ऑगस्टांत, मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचा राजा आणि निवडक सरदार तुर्कांपुढें नाहींसे झाले. ज्या फौजेला १५१४ त कापून काढलें ती त्या दिवशीं कोठून येणार होती? मुकुट मग झापोल्याच्या डोक्यावर चढला. वर्षभरांत तोच मुकुट हाप्सबुर्ग फर्डिनांडच्या डोक्यावर गेला. गांव तेंच, बिशपहि तोच! मुकुटाचा रक्षक पेरेन्यी मध्यंतरीं पक्ष बदलून बसला होता. थोड्या काळाकरितां मुकुट सुलतान सुलेमानच्याहि हातीं पडला आणि १५२९ मध्यें त्यानें तो झापोल्याकडे पोंचता केला. मुसलमान सुलतानाकडून परत आल्यानें त्याचें पावित्र्य रतिभर कमी झालें असें कोणाला वाटलें नाहीं.

पुढील अडीचशें वर्षें मी झपाट्यानें ओलांडतों. हाप्सबुर्ग राजे येत, पोझोन्य येथें, म्हणजे हल्लींच्या ब्रातिस्लाव्हा शहरांत, मुकुट धारण करीत आणि देशाचे कायदे पाळण्याची शपथ घेत. मग घोडा एका टेंकाडावर चढवून तलवार चारी दिशांना फिरवीत, कीं कोणत्याहि दिशेनें शत्रु आला तरी रक्षण करीन. मुकुट आणि शपथ यांची अशी गांठ असल्यामुळें, सम्राट दुसरा जोसेफ यानें मोठी युक्ति काढली. मुकुटच घालावयाचा नाहीं, म्हणजे शपथहि नको! १७८४ सालीं त्यानें मुकुट एखाद्या जुन्या दागिन्याप्रमाणें व्हिएन्नाच्या जामदारखान्यांत नेऊन ठेवला. जोसेफ हा वस्तुतः सुधारक. भूदासांचीं बंधनें त्यानें सैल केलीं, धर्मसहिष्णुता दिली. लोकांनीं मात्र त्याला ‘टोपीवाला राजा’ असें नांव ठेवलें. मरणापूर्वीं त्याला आपले बहुतेक हुकूम मागें घ्यावे लागले आणि १७९० च्या फेब्रुवारींत मुकुट जयघोषांत परत आला. शेतकऱ्याचें हित पाहणाऱ्या राजाला मुकुट नको होता, आणि मुकुटासाठीं जीव टाकणारांना शेतकऱ्याचें हित फारसें नको होतें; हा पेंच सोडविणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

१८४८ च्या क्रांतींत भूदासपद्धति अखेर गेली. पुढल्या वर्षीं कोशुतचें स्वातंत्र्ययुद्ध फसलें, तेव्हां पळून जाणाऱ्या मंत्र्यांनीं मुकुट ओरशोव्हाजवळ जमिनींत पुरला. चार वर्षांनीं ऑस्ट्रियाच्या सरकारला तो सांपडला. १८६७ सालीं त्याच ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ जोसेफनें तो बुडा येथें धारण केला. त्या समारंभांत आर्चबिशपसमवेत मुकुट उचलून धरणारा पंतप्रधान आंद्राशी याला त्याच राजाच्या सरकारनें पूर्वीं देहांताची शिक्षा दिलेली होती, आणि तो हातीं न लागल्यामुळें ती त्याच्या नांवावर बजावली होती.

शेवटचा अभिषेक ३० डिसेंबर १९१६ रोजीं, महायुद्धाच्या ऐन भरांत झाला. राजा चौथा चार्ल्स. दोन वर्षांत साम्राज्य कोसळलें, १९२० मध्यें हंगेरीचा मोठा भाग तहानें तुटला, आणि मग एक अजब राज्य सुरू झालें. राज्य आहे, मुकुट आहे, राजा मात्र नाहीं. राजाच्या नांवें आडमिरल होर्ती कारभार पाहतो. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामीं राहिलेल्या भरताची आपल्याला सहज आठवण व्हावी. पण फरक आहे. १९२१ सालीं चार्ल्स स्वतः दोनदां परत आला, आणि या भरतानें रामाला दोन्ही वेळां वेशीवरून परत लावलें. मुकुटावर निष्ठा ठेवणें, मुकुटधाऱ्यावर ठेवण्यापेक्षां पुष्कळ सोयीचें असतें. चार्ल्स १९२२ च्या एप्रिलांत मदिरा बेटावर हद्दपारींत वारला.

त्याहून कडू प्रसंग पुढें आहे. ४ नोव्हेंबर १९४४ रोजीं, जर्मनांच्या बळावर अधिकार बळकावलेल्या सालाशीनें याच मुकुटासमोर शपथ घेतली. त्या हिंवाळ्यांत त्याच्या पक्षाच्या लोकांनीं बुडापेस्टांतील हजारों ज्यू स्त्रीपुरुषांना ठार केलें. पुष्कळांना डॅन्यूबच्या कांठावर उभें करून गोळ्या घातल्या. इश्तवानच्या पुस्तकांत पाहुण्यांचें पालन हें मुकुटाचें एक भूषण म्हटलें होतें, आणि हे तर पाहुणेहि नव्हते, पिढ्यान्पिढ्या तेथेंच राहिलेले नागरिक होते. मुकुट तेथें होता. त्यानें कोणाला अडविलें नाहीं.

रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां रक्षकांनीं मुकुट पश्चिमेकडे नेला. ऑस्ट्रियांत मात्झे या गांवीं रक्षकांचा नायक पाय्ताश यानें मुकुट, राजदंड आणि सुवर्णगोल हीं एका पेट्रोलच्या पिंपांत घालून जमिनींत पुरलीं. अमेरिकन सैन्याच्या हवालीं मोठी लोखंडी पेटी झाली. ती उघडून पाहतात तों आंत नुसती तलवार! मग पाय्ताशनें जागा दाखविली आणि चिखलानें माखलेलें पिंप वर आलें. लांकडी बुधल्यांत धुळींत पडल्याला तेव्हां सहाशें चाळीस वर्षें झालीं होतीं. पुढें तो अमेरिकेंत नेऊन फोर्ट नॉक्सच्या सरकारी सुवर्णकोठारांत ठेवला. हंगेरींत साम्यवादी राज्य आलें, राजचिन्हावरून मुकुट गेला, १९५६ चा उठाव होऊन चिरडला गेला; मुकुट अटलांटिकपलीकडे कुलपांत होता.

अखेर अध्यक्ष कार्टर यांनीं तो परत देण्याचें ठरविलें. अमेरिकेंत राहणाऱ्या अनेक हंगेरियन निर्वासितांनीं निषेध केला कीं, पवित्र मुकुट साम्यवाद्यांच्या हातीं देणें हा त्याचा विटाळ आहे. तेव्हां अशी तजवीज केली कीं, मुकुट सरकारला नव्हे, हंगेरियन लोकांना परत द्यावयाचा. तो सर्वांना पाहण्यासाठीं ठेवावयाचा. ६ जानेवारी १९७८ रोजीं परराष्ट्रमंत्री व्हान्स यांनीं पार्लमेंटाच्या इमारतींत तो हवालीं केला. देशाची सारी सत्ता ज्याच्या हातीं होती तो पक्षाचा प्रमुख कादार त्या समारंभाला हजर नव्हता. १९९० मध्यें नव्या लोकनियुक्त सभेंत राजचिन्हावरून बराच वाद झाला. कोशुतच्या वेळचें मुकुटाविना असलेलें चिन्ह घ्यावें असें कांहींचें मत होतें; पण मुकुट परत आला, वांकड्या क्रुसासकट. २००० सालच्या पहिल्या दिवशीं तो संग्रहालयांतून पार्लमेंटांत नेण्यांत आला, आणि २०१२ पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकांतहि त्याला स्थान मिळालें.

१९७८ च्या त्या हिंवाळ्यांत बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोर लोक रांगा लावून उभे होते. व्हेरबोत्सीच्या ग्रंथानें ज्यांना मुकुटाचीं अंगें म्हटलें असतें असे त्यांत थोडे. बहुतेकांचे पूर्वज त्याच वर्षीं जमिनीला बांधले गेलेले. त्यांनीं पाहिलेला मुकुट आज पार्लमेंटांत पाहतां येतो. कांचेच्या पेटीसमोर उभें राहिलें म्हणजे प्रथम पुढचा ख्रिस्त दिसतो. पेटीला वळसा घालून मागें गेलें कीं सम्राट मायकेल दिसतो. त्याच्या मस्तकाभोंवतीं तेजोवलय आहे. खालीं एका अंगाला, वलयाविना, गेझा आहे, वाझुलचा नातू. मिनाकारीच्या कारागिरानें त्याचे डोळे मोठे आणि उघडे काढले आहेत, आणि ते बाजूला, सम्राटाकडे वळलेले आहेत.